‘द जनरल’ : एक इंजिन, एक मूकपट आणि लाकडांची रास



गतवर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी सायंकाळी काय झाले, ते बहुतेकांना आठवत असेलच. बाहेरगावचा वाद्यवृंद पावसामुळे वाटेतच अडकला. मंडपात अडीचशे माणसे, पोरांचा गोंगाट, आणि स्टेज रिकामे. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "अहो, तुमच्याकडे ते जुने गाड्यांचे सिनेमे असतात ना, त्यातला एखादा लावा की. फक्त मराठीच पाहिजे असं काही नाही." माझ्याजवळ होता तो मराठी नव्हता, हिंदी नव्हता, इंग्रजीही जेमतेमच होता. तो मुका होता. १९२६ सालचा ‘द जनरल’. नायक बस्टर कीटन, दिग्दर्शनही त्याचेच, क्लाइड ब्रकमन यांच्या जोडीने.

आपल्या झाशीच्या या कॉलनीत मराठी आहेत, बुंदेलखंडी आहेत, बंगाली, तेलुगू, मल्याळी आहेत. एकाला कळेल ते दुसऱ्याला कळत नाही, म्हणून आपले कार्यक्रम ठरवताना नेहमीच ओढाताण होते. त्या दिवशी मात्र पडद्यावर कोणी बोलतच नव्हते, त्यामुळे सगळ्यांना सारखेच कळत होते. मंडळाच्या तबलजींनी उत्स्फूर्तपणे ठेका धरला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लागला, त्या मूकपटांच्या काळात थिएटरात पेटी-तबला वाजत असे, तशीच ही गंमत. तासाभराचा सिनेमा कधी संपला ते कळले नाही. तो संपल्यावर जो वाद झाला, तो मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हा लेख त्यासाठीच. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या, रूळ आणि स्लीपर यांत आयुष्य काढणाऱ्या माणसाने इतिहासावर लिहावे हा थोडा आगाऊपणाच आहे. पण हा इतिहास गाडीचा आहे, म्हणून धाडस करतो.

सिनेमाची गोष्ट

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया राज्यात जॉनी ग्रे नावाचा एक ड्रायव्हर आहे. त्याचे प्रेम दोघींवर : एक त्याचे इंजिन ‘जनरल’ आणि दुसरी ॲनाबेल ली. १८६१ साली यादवी युद्ध पेटते. जॉनी सैन्यात भरती व्हायला धावतो, पण त्याला घेत नाहीत. कारण ड्रायव्हर म्हणून तो जास्त उपयोगाचा आहे. पण हे कारण त्याला कोणी सांगतच नाही! ॲनाबेलला वाटते, हा भित्रा. वर्षभराने उत्तरेकडचे हेर वाटेतल्या स्टेशनावरून ‘जनरल’ पळवतात, आणि योगायोगाने ॲनाबेलही त्या गाडीत असते. जॉनी आधी धावत, मग हातगाडीवर, मग सायकलीवर आणि शेवटी ‘टेक्सास’ नावाच्या दुसऱ्या इंजिनाने पाठलाग करतो. शत्रूच्या मुलखात शिरतो, मुलीला आणि इंजिनाला सोडवतो, आणि आता शत्रू त्याच्या मागे, अशी उलट्या दिशेची शर्यत सुरू होते.

कीटनचा चेहरा सबंध सिनेमात हसत नाही. लहानपणापासून तो आईबापांबरोबर रंगमंचावर कसरतीचे विनोदी खेळ करत असे. बाप त्याला उचलून फेकायचा आणि हा न हसता उठून उभा राहायचा. तीच सवय पडद्यावर आली. चार्ली चॅप्लिन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, कीटन तितका नाही. पण रेल्वेवाल्यांनी खरे म्हणजे कीटनलाच आपला म्हणायला हवे.

रूळवाल्याच्या नजरेने

मी हा सिनेमा आतापर्यंत दहा-बारा वेळा पाहिला असेल. आजच्या सिनेमांत संगणकावर पूल पडतात, गाड्या उडतात. इथे जे दिसते ते खरोखर घडलेले आहे. १९२६ च्या उन्हाळ्यात ऑरेगॉन राज्यात कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ, लाकूड वाहणाऱ्या एका रेल्वेमार्गावर हे चित्रीकरण झाले.

एक प्रसंग पाहा. मुलीने झिडकारल्यावर जॉनी खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे साइड रॉडवर, बसतो. आपल्याच विचारात असताना इंजिन हलते आणि तो दांड्याबरोबर वर-खाली होत शेडमध्ये शिरतो. मंडपात सगळे हसले. मी आणि लोको शेडचे आमचे एक ज्येष्ठ मित्र, आम्ही दोघे मात्र हात घट्ट धरून बसलो होतो. वाफेचे इंजिन थांबल्या जागेवरून काढताना ड्रायव्हरने जरा जास्त वाफ दिली, तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात. तसे झाले असते तर दांड्यावर बसलेल्या माणसाचे काय झाले असते, हे सांगायची गरज नाही. आणि तरी कीटनचा चेहरा ढिम्म.

पुढे ‘टेक्सास’ची चाके घसरतात तेव्हा जॉनी खाली उतरून रुळावर माती टाकतो. पकड मिळते, आणि इंजिन त्याला सोडून चालू लागते! आपल्या इंजिनांनाही घसरण रोखायला वाळूची सोय असते, हे कॉलनीतल्या शाळकरी पोरालासुद्धा माहीत आहे. त्यामुळे या जागी आपल्याकडे जेवढा हशा झाला तेवढा दुसरीकडे होत असेल असे वाटत नाही.

तिसरा प्रसंग माझ्या खात्याचा. पळणाऱ्या हेरांनी रुळावर लाकडी स्लीपर टाकलेले आहेत. जॉनी इंजिनाच्या पुढच्या जाळीवर उतरतो, एक स्लीपर उचलतो, तो उराशी धरून बसतो, तोवर समोर दुसरा आडवा पडलेला. हातातला स्लीपर तो नेमका त्याच्या टोकावर आपटतो आणि दुसरा उलटून बाजूला पडतो. जुन्या लाकडी स्लीपरचे वजन ज्याने खांद्यावर घेतले आहे, त्याला यातले कौशल्य कळेल. एक चूक, आणि गाडी रुळावरून खाली.

शेवटाकडे जळत्या पुलावर ‘टेक्सास’ येते आणि पूल कोसळून इंजिन नदीत पडते. हे छोटे मॉडेल नव्हते. २३ जुलै १९२६ रोजी खरे इंजिन खऱ्या पुलावरून खाली पाडले गेले. या एका दृश्याला सुमारे ४२ हजार डॉलर खर्च आला, आणि मूकपटांच्या काळातले ते सर्वांत महागडे दृश्य समजले जाते. इंजिनाचा सांगाडा कित्येक वर्षे नदीतच पडून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो भंगारासाठी काढला.

इतके करून सिनेमा चालला नाही. तेव्हाच्या समीक्षकांना तो कंटाळवाणा वाटला, खर्चही निघाला नाही. १९२८ साली कीटनला आपले स्वतंत्र काम सोडून मोठ्या कंपनीत नोकरी धरावी लागली, आणि त्याची पडझड सुरू झाली. पुढे जगाने मत बदलले. १९८९ मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची पहिली राष्ट्रीय यादी केली, तिच्यात ‘द जनरल’ आहे. कीटन १९६६ साली गेला. म्हातारपणी का होईना, टाळ्या ऐकून गेला.

खरी घटना

आता खऱ्या इतिहासाकडे वळू. ही गोष्ट कल्पित नाही. १२ एप्रिल १८६२ रोजी, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून नऊ वर्षे होत आली होती तेव्हा, जॉर्जियातील बिग शँटी या स्टेशनावर पहाटेच्या गाडीचे उतारू आणि कर्मचारी न्याहारीला उतरले होते. तेवढ्यात जेम्स अँड्रूज नावाचा उत्तरेचा हेर आणि साध्या वेशातले त्याचे साथीदार सैनिक यांनी ‘जनरल’ आणि मागचे तीन डबे तोडून पळवले. बेत असा की, अटलांटा ते चॅटनूगा या १३८ मैलांच्या मार्गावर पूल जाळायचे, तारा तोडायच्या, रूळ उखडायचे. म्हणजे दक्षिणेच्या सैन्याची रसद तुटेल.

गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर न्याहारी टाकून अक्षरशः पायी धावत सुटला. मग त्याला ढकलगाडी मिळाली, मग एक इंजिन, मग दुसरे, आणि शेवटी ‘टेक्सास’. ते उलट्या तोंडाने, टेंडर पुढे करून, तसेच हाकले. सुमारे ८७ मैलांचा हा पाठलाग झाला.

अँड्रूजचा बेत का फसला, हे कंट्रोल ऑफिसमध्ये बसणाऱ्या आपल्या बांधवांना लगेच कळेल. एकेरी मार्ग होता! किंग्स्टन स्टेशनावर समोरून येणाऱ्या मालगाड्यांच्या क्रॉसिंगसाठी त्याला तासाभराहून जास्त थांबावे लागले. "मी सैन्यासाठी तातडीने दारूगोळा नेतोय" अशी थाप मारत तो उभा. क्रॉसिंगपुढे हेराचेही काही चालत नाही! शिवाय त्या दिवशी पाऊस होता, ओले पूल पेटेनात. आणि रूळ काढायला त्यांच्याकडे धड हत्यारे नव्हती. डॉग स्पाइक उपटायचे म्हणजे काय असते ते आमच्या गँगला विचारा. शेवटी रिंगगोल्डजवळ लाकूड-पाणी संपले आणि सगळे इंजिन सोडून रानात पळाले. सगळे पकडले गेले.

अँड्रूजला ७ जून १८६२ रोजी फाशी दिली. आणखी सात जणांना १८ जून रोजी. उरलेल्यांपैकी आठ जण तुरुंगातून निसटले, सहा जणांची पुढे अदलाबदलीत सुटका झाली. अमेरिकेतील सर्वोच्च लष्करी पदक ‘मेडल ऑफ ऑनर’ पहिल्यांदा दिले गेले ते याच सहा जणांना, २५ मार्च १८६३ रोजी. फाशी गेलेल्यांपैकी दोघांना हे पदक मिळायचे राहूनच गेले होते. ते जुलै २०२४ मध्ये, म्हणजे १६२ वर्षांनी, देण्यात आले. सरकारी फाइल कुठेही सारखीच चालते, एवढेच म्हणतो.

इंजिन ‘जनरल’ आजही आहे. बिग शँटीचे नाव आता केनेसॉ आहे, तिथल्या संग्रहालयात ते उभे आहे. कीटनला सिनेमासाठी तेच खरे इंजिन हवे होते. पण हा विनोदी सिनेमा आहे हे कळल्यावर रेल्वेने नकार दिला. त्यात माणसे फासावर गेली होती, त्यावर हसायचे कसे, असा तेव्हाही प्रश्न होताच.

थोरलीचा प्रश्न

आता त्या संध्याकाळकडे येतो. दिवे लागले, टाळ्या झाल्या. महिला मंडळाने पहिली तक्रार केली : ॲनाबेलला पोत्यात घालून मालासारखी फेकतात, वर सगळे तिला तुडवतात, आणि बॉयलरमध्ये काटकी टाकली म्हणून जॉनी तिचा गळा धरतो, यात हसण्यासारखे काय? तक्रार रास्त होती. मी एवढेच म्हणालो की, रुळाच्या दोन बाजूंच्या झाडांना दोर बांधून शत्रूचे इंजिन अडकवण्याची युक्ती तिचीच आहे, आणि त्यावर जॉनी तिला मूर्ख ठरवतो तेव्हा सिनेमा जॉनीलाच हसतो. हे निम्म्या जणींना पटले.

मग आमची थोरली, तेव्हा बारावीत होती, मला म्हणाली, "बाबा, हा ज्यांच्या बाजूने लढतो ते गुलाम ठेवणारे होते ना? मग आपण त्याच्यासाठी टाळ्या का वाजवल्या?"

खरे सांगतो, मी गडबडलो. दहा-बारा वेळा सिनेमा पाहिला, साइड रॉड पाहिला, स्लीपर पाहिले, माती पाहिली; हे पाहिले नव्हते. म्हणजे माहीत होते, पण पाहिले नव्हते. खऱ्या घटनेत इंजिन पळवणारे उत्तरेचे होते, आणि सिनेमाचा आधार असलेले पुस्तकही त्यांच्यापैकीच एकाचे, विल्यम पिटेंजरचे. कीटनने मुद्दाम बाजू उलटवली. दक्षिणेला खलनायक केलेले प्रेक्षकांना रुचणार नाही, ते आधीच हरलेले आहेत, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९५६ साली डिस्नेने हीच गोष्ट उत्तरेच्या बाजूने काढली.

त्यावर आमच्या गँगमधले एक ज्येष्ठ ट्रॅकमन, ज्यांना सगळी कॉलनी ‘चाचा’ म्हणते, ते बोलले. "बिटिया, हारने वालों की भी तो कहानी होती है. हम भी तो रानी की गाते हैं. रानी भी तो हारी थीं."

मंडपात एकदम शांतता पसरली. झाशीत राहून याला उत्तर देणे सोपे नाही. त्या सात जणांना फाशी झाली ती तारीख १८ जून. आणि राणीसाहेबांचे बलिदान आपण पाळतो तेही १८ जूनलाच, साल १८५८. चारच वर्षांचे अंतर. इंग्रजांनी त्या काळात सिनेमा काढला असता, तर त्यात नायक कोण असता? मग हरलेल्यांना नायक करणाऱ्या कीटनचे काय चुकले?

मी त्या रात्री उत्तर दिले नाही. नंतर वर्षभर सवडीने वाचले, आणि मला जे वाटले ते असे.

हरणे हा गुन्हा नाही, हे चाचांचे बरोबर. पण लढाई कशासाठी होती, हे विचारावेच लागते. राणीसाहेब आपले राज्य खालसा करणाऱ्यांशी लढल्या. जॉर्जियाने जानेवारी १८६१ मध्ये संघराज्य सोडताना जे निवेदन काढले, त्यात गुलामगिरीचाच मुद्दा आघाडीवर आहे. दक्षिणेचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स हे जॉर्जियाचेच. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या सरकारचा पाया, असे त्यांनी मार्च १८६१ च्या भाषणात उघड सांगितले होते. हरल्यानंतर मात्र भाषा बदलली. युद्ध मायभूमीसाठी होते, इभ्रतीसाठी होते, असे पुतळ्यांतून, पुस्तकांतून आणि मग सिनेमांतून सांगितले गेले. १९२६ पर्यंत ते उत्तरेतल्या लोकांनाही पटलेले होते. कीटन काही गुलामगिरीचा प्रचारक नव्हता. त्याला गाड्यांची शर्यत हवी होती, आणि हवेत जी गोष्ट तरंगत होती ती त्याने उचलली. पण म्हणूनच ती जास्त विचार करायला लावते. द्वेषाने सांगितलेले खोटे आपण ओळखतो. हसत-खेळत सांगितलेले सहज पचते.

लाकडांची रास

थोरलीच्या प्रश्नानंतर मी सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी इंजिनाकडे पाहिले नाही, रुळाच्या कडेला पाहिले. तिथे मला एक गोष्ट दिसली, जी माझ्यासारख्याला पहिल्याच वेळी दिसायला हवी होती.

ती इंजिने कोळशावर नाही, लाकडावर चालत. दर काही मैलांवर लाकडे रचून ठेवावी लागत, पाण्याच्या टाक्या भरून ठेवाव्या लागत. सिनेमात जॉनी घाईघाईने लाकडे भरतो, त्यावर विनोद आहेत, तो लाकडे फोडण्यात इतका गुंग होतो की मागून दोन सैन्ये निघून जातात तरी त्याला पत्ता नाही. पण ही लाकडे तोडली कोणी? वाहिली कोणी? रचली कोणी? रूळ कोणी टाकले, खडी कोणी भरली? पडद्यावर जवळजवळ कोणीच नाही. जणू रास आपोआप उगवली.

१८६० च्या जनगणनेत जॉर्जियाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती, आणि त्यांतले ४ लाख ६२ हजार लोक गुलाम होते. म्हणजे शंभरातले सुमारे ४४. दक्षिणेतील रेल्वे कंपन्या गुलाम विकत घेत, किंवा मालकांकडून वर्षाच्या कराराने भाड्याने घेत. मातीकाम, रूळ टाकणे, लाकूड, पाणी, डब्यांचे ब्रेक, ही कामे मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडून करून घेतली जात. ज्या रुळांवर हा सबंध सिनेमा धावतो, त्या प्रदेशातल्या शंभरातल्या ४४ माणसांना सिनेमात जागा नाही. ते खलनायक नाहीत, विनोदी पात्रही नाहीत, ते नाहीतच. थोरलीने जे विचारले त्याचे माझ्यापुरते उत्तर हेच : आपण टाळ्या वाजवल्या, कारण ज्यांना पाहून हात थांबले असते, ती माणसे आपल्याला दाखवलीच नव्हती.

आपल्या घरातला फोटो

दुसऱ्याच्या घरातले बोलणे सोपे असते, म्हणून आपल्याही घरात डोकावतो. अमेरिकेत तो पाठलाग झाला तेव्हा आपला बोरघाट बांधला जात होता. काम १८५६ ला सुरू झाले, १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. १८६१ साली तिथे एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. ती गुलाम नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो पुसता कामा नये. ती काम सोडून जाऊ शकत, आणि १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगाही केला होता. पण पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यातली हजारो मेली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांचे नाव आपण डिप्लोमाला शिकलो. त्या हजारोंपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

आमचे आजोबा जीआयपी रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि भुसावळकडून बदली होत होत झाशीला आले. इथेच रिटायर झाले. घरात एक फोटो आहे, पन्नासच्या दशकातला. कुठल्याशा पुलाचे गर्डर बदलून झाले, त्या दिवसाचा. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, गळ्यात हार. मागे गँग उभी. आजोबा रांगेच्या टोकाला होते, त्यामुळे फोटोत त्यांचा फक्त कोपर आला आहे, आणि हातातला पाना. आजी तो फोटो दाखवताना नेहमी म्हणायची, "हे तुझे आजोबा," आणि आम्ही भावंडे हसायचो. कोपराला आजोबा म्हणते म्हणून हसायचो.

मला आता ते हसू आठवते.

चाचांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला उशिरा समजली. त्या रात्री मंडप आवरताना ते म्हणाले होते की, रानीचे सगळे गातात, पण झलकारीबाईचे नाव आमच्या लोकांनीच जपले. हे खरे आहे. लिहिलेल्या इतिहासात तिला फार उशिरा जागा मिळाली. तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले ते २००१ साली. आपल्या किल्ल्यात गुलाम गौस खाँ, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला दाखवतो. त्या कबरींपाशी किती वेळ थांबतो, हे ज्याचे त्याने आठवावे. तेव्हा हरलेल्यांच्या बाजूनेही गोष्ट सांगताना कोणीतरी चौकटीबाहेर राहतेच. चाचा थोरलीला चूक ठरवत नव्हते. ते तिचाच प्रश्न पुढे नेत होते.

मग हा सिनेमा पाहायचा की नाही?

अमेरिकेत २०२० साली दक्षिणेच्या सेनानींचे अनेक पुतळे उतरवले गेले. ‘गॉन विथ द विंड’ हा गाजलेला सिनेमा तिथल्या एका सेवेने काही दिवस काढून ठेवला आणि मग इतिहास समजावणाऱ्या प्रस्तावनेसह परत लावला. ‘द जनरल’चे काय करावे, असे मला कोणी विचारले नाही, पण माझे मत सांगतो. जरूर पाहावा. पोरांना घेऊन पाहावा. साइड रॉडवर बसलेला तो माणूस आणि वाकलेल्या सांध्यापुढे हतबल झालेले सेनाधिकारी पाहून पोटभर हसावे. सगळे अधिकारी तो पॉइंट सरळ करायला झटतात आणि शेवटी एक कामगार कुऱ्हाडीच्या एका घावात तो बसवतो! आमच्या गँगने या जागी शिट्ट्या वाजवल्या होत्या, आणि त्या रास्तच होत्या.

फक्त हसून झाल्यावर विचारावे, की लाकडे कोणी रचली?

यंदाच्या उत्सवात समितीने पुन्हा मूकपट लावायचे ठरवले आहे आणि सुरुवातीला दहा मिनिटे बोलायचे काम माझ्याकडे आहे. त्यातली पाच मी थोरलीला देणार आहे. चाचा येत्या मार्चमध्ये रिटायर होतात. त्यांनी पुढच्या रांगेत बसावे अशी विनंती त्यांना केली आहे. त्यांनी "पीछे से ठीक दिखता है साब" असे उत्तर दिले, पण आम्ही खुर्ची राखून ठेवणार आहोत.

आणि आजोबांचा तो फोटो मी या पावसाळ्यात नव्याने फ्रेम करून घेतला. खुर्च्यांवरच्या साहेबांची नावे खाली छापलेली होतीच. उजव्या कडेला, त्या कोपराच्या खाली, मी पेनने आजोबांचे नाव लिहिले. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्यांपैकी तिघांची नावे वडिलांना आठवली, तीही लिहिली. आणखी आठ जण आहेत. जुन्या कॉलनीतल्या कोणाच्या घरी हा फोटो असेल, किंवा कोणाला नावे माहीत असतील, तर उत्सवाच्या दिवसांत मंडपात मला जरूर भेटावे. जागा ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!